दोन रात्री माळावर

गेल्या पौष महिन्यात मी दोन रात्री घर सोडून उघड्या माळावर राहिले. सोबत दहा स्त्रिया, एक मार्गदर्शिका आणि सहा तंबू होते. बासष्टाव्या वर्षी असा मुक्काम मी प्रथमच केला. घरी माझ्या शहाऐंशी वर्षांच्या सासूबाई होत्या. तीन वर्षांपूर्वी झालेल्या पक्षाघातानंतर त्यांची उजवी बाजू अधू झाली आहे. उठणे, बसणे, जेवण, औषधे, स्नान या सर्वांसाठी त्यांना माझ्या हाताची सवय आहे, आणि खरे सांगायचे तर माझ्या हातालाही त्यांची सवय झाली आहे.

या सदराचे वाचक दोन प्रकारचे आहेत. काहींची शुश्रूषा होते, काही ती करतात. आजचा मजकूर दोघांसाठी आहे आणि शक्य झाल्यास दोघांनी तो एकत्र बसून वाचावा, अशी माझी विनंती आहे. कारण घरातली सांभाळणारी बाई दोन रात्री बाहेर जाऊ शकते की नाही, हे तिच्या एकटीच्या इच्छेवर ठरत नाही.

जाण्याआधीचा प्रश्न

निमित्त साधेच होते. आमच्या भिशीतल्या एका मैत्रिणीने सांगितले की गिर्यारोहणाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेली एक मार्गदर्शिका केवळ स्त्रियांसाठी शुक्रवार ते रविवार असा माळावरचा मुक्काम ठेवते. बोदवडच्या दक्षिणेला जमीन हळूहळू चढत अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे जाते. काळ्या कपाशीच्या शेतांची जागा मुरमाड माळ घेतो. अशाच एका परिचित शेतकरी कुटुंबाच्या पडीक माळावर, त्यांच्या संमतीने, हा मुक्काम होता. रोजची चाल चार-पाच किलोमीटर. माझ्या तोंडून पहिले उत्तर निघाले, "छे, मला कसे जमेल?" मैत्रिणीने विचारले, "गुडघे दुखतात का?" गुडघे दुखत नव्हते. आड येत होते ते घर.

हा माझ्या एकटीचा प्रश्न नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे त्यात आढळले. घरातल्या माणसांच्या देखभालीचा वेळ याहून वेगळा मोजला होता. तो स्त्रियांचा १३४ आणि पुरुषांचा ७६ मिनिटे भरला. ही सरासरी आहे. ज्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, तेथे घड्याळ लावून मोजण्यात अर्थ नसतो. रात्री दोन वाजता कूस बदलून देणे कोणत्या रकान्यात लिहायचे?

या श्रमाची किंमत शरीर मोजते. रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच या अमेरिकन संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वैद्यकीय क्षेत्रात आजही आधाराला घेतला जातो. अपंग किंवा आजारी जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या वृद्धांचा त्यांनी चार वर्षे मागोवा घेतला. ज्यांना या शुश्रूषेचा ताण जाणवत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका अशी जबाबदारी नसलेल्या समवयस्कांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. सून, मुलगी आणि पत्नी यांच्या परिस्थितीत फरक असतो हे मान्य करूनही हा आकडा विसरता येत नाही. माझा स्वतःचा रक्तदाब गेल्या दीड वर्षात दोनदा औषध वाढवूनही खाली येत नव्हता. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले, ते मी केले. त्यांनी झोप वाढवायलाही सांगितले होते. ते जमत नव्हते.

सासूबाईंना विचारायला मला आठ दिवस लागले. त्या वयाच्या पन्नाशीत दोनदा मुक्ताबाईंच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या होत्या. मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून निघणारी ही पालखी महिनाभर चालते. बायका शाळांच्या ओसरीत, मंदिरांच्या पटांगणात, कधी झाडाखाली झोपतात. माझे बोलणे अडखळत संपले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. पक्षाघातानंतर त्यांचे बोलणे जड झाले आहे. मग म्हणाल्या, "जाय वो बाई. मी कोठी पयून चालली?"

मी कुठे पळून चालले आहे! तीन वर्षांत त्या प्रथमच स्वतःच्या पांगळेपणावर हसल्या होत्या.

आखाजी उलटी फिरली

खान्देशात सासुरवाशिणीच्या विश्रांतीची सोय पूर्वीच्या माणसांनी सणात करून ठेवली होती. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, लेकी माहेरी येत. गौराई बसे, कडुनिंबाला झोके बांधले जात, गाणी होत. वर्षभर राबलेल्या हातांना काही दिवस कोणी पाणी मागत नसे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या कवितेत माहेर आणि आखाजी यांना मोठे स्थान आहे, ते उगाच नाही. त्या सुट्टीला कोणी चैन म्हणत नसे, कारण ती सणाच्या नावाने येई.

साठी ओलांडलेल्या बाईचे माहेर मात्र बहुधा उरलेले नसते. आई-वडील गेलेले असतात, भावाच्या घरी सुनेचे राज्य असते. तिच्या वाट्याची आखाजी संपलेली असते आणि नेमक्या त्याच वयात तिच्यावर सर्वांत जड शुश्रूषा येऊन पडते.

आम्ही तो रिवाज उलटा फिरवला. माझ्या नणंदबाई आईला सांभाळण्यासाठी माहेरी राहायला आल्या आणि मी बाहेर पडले. यजमान घरात होतेच. परंतु आईला स्नान घालणे, कपडे बदलणे यासाठी लेक असलेली बरी, असे सासूबाईंनीच सुचवले. नणंदबाई चार दिवस आधी आल्या. पहिले दोन दिवस त्यांनी नुसते पाहिले, पुढचे दोन दिवस त्यांनी केले आणि मी पाहिले. हे चार दिवस फार मोलाचे ठरले. आपल्या हाताने जे सहज होते, त्यात किती बारकावे असतात हे दुसऱ्याला शिकवताना कळते. घोट देताना हनुवटी किंचित खाली हवी, खुर्चीवर नेताना आपण त्यांच्या अधू बाजूला उभे राहायचे, उशी कोणत्या खांद्याखाली घालायची, या गोष्टी मी कधी कोणाला सांगितल्याच नव्हत्या.

आम्ही एक वही केली. तिच्यात औषधांच्या वेळा, जेवणाचे प्रमाण, शौचाची वेळ, आमच्या डॉक्टरांचा आणि शेजारच्या दोन घरांचा दूरध्वनी क्रमांक लिहिला. रुग्णवाहिकेचा १०८ आणि ज्येष्ठांच्या मदतीसाठी असलेल्या एल्डरलाइनचा १४५६७ हे क्रमांक मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत घातले. ही वही आता घरात कायमची झाली आहे. आपल्या घरी ती नसेल तर कोठे जायचे असो वा नसो, या रविवारी जरूर करावी. सांभाळणारी व्यक्ती स्वतः अचानक आजारी पडली तर वृद्ध माणसाचे सर्व काही त्या वहीवरच अवलंबून राहील.

माळावर

शुक्रवारी दुपारी आम्ही पोहोचलो. अकरा जणींत सर्वांत लहान अडतीस वर्षांची आणि मोठी सदुसष्ट वर्षांची होती. दोघींना मधुमेह होता, चौघींना रक्तदाब. जवळजवळ प्रत्येकीच्या घरी कोणी ना कोणी सांभाळण्याजोगे होते. हे कोणी ठरवून केले नव्हते. पन्नाशीपुढच्या अकरा-बारा बायका गोळा करा, हेच दिसेल.

माळ म्हणजे ओसाड जागा, असे आपण समजतो. पिवळ्या पडलेल्या कुसळी गवतातून चालताना ते मत बदलते. मध्येच बोरीचे झुडूप, एकटा पळस, बाभळीची रांग. टिटवी आपल्याला दुरून ओळखून ओरडते आणि बराच वेळ पाठ सोडत नाही. संध्याकाळी थंडी जमिनीतून वर येऊ लागली. शेतमालकिणीने पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली. भरीत आणि कळण्याची भाकरी आम्ही जन्मभर खात आलो आहोत, पण जेवताना एकदाही उठावे लागले नाही असे जेवण माझ्या आठवणीत दुसरे नव्हते.

अंधार पडल्यावर मार्गदर्शिकेने सर्व दिवे मालवायला सांगितले. पूर्वेला मृग नक्षत्र वर आले होते, त्याच्या खाली व्याध आणि डोक्यावर कृत्तिकांचा पुंजका. लहानपणी अंगणात बाजेवर पडून हे सारे मी वडिलांकडून शिकले होते. मधल्या पन्नास वर्षांत आकाश तेथेच होते, मी मान वर केली नव्हती. साडेआठला डोळे मिटू लागले. मी सलग सात तास झोपले.

या झोपेला शास्त्रीय कारण आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या केनेथ राईट यांनी २०१३ मध्ये काही निरोगी माणसांना आठवडाभर डोंगरात, विजेच्या दिव्यांविना ठेवले. झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक शरीरात नेहमीपेक्षा लवकर तयार होऊ लागले आणि शरीराचे घड्याळ सूर्याशी जुळले. २०१७ मध्ये त्यांनी दाखवले की आठवड्यात होणाऱ्या बदलापैकी सुमारे ६९ टक्के बदल नुसत्या एका शनिवार-रविवारच्या मुक्कामात होतो. हे अभ्यास मोजक्या माणसांवर झालेले आहेत आणि घरी परतून पुन्हा रात्री अकरापर्यंत दूरचित्रवाणी पाहिली तर लाभ टिकत नाही. तरीही दिवसा उन्हात आणि रात्री खऱ्या अंधारात राहणे हे झोपेचे सर्वांत जुने औषध आहे, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

शनिवारची रात्र

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास नणंदबाईंचा दूरध्वनी आला. खुर्चीवरून पलंगावर घेताना सासूबाई हातातून निसटून खाली बसल्या होत्या. नणंदबाई रडत होत्या.

माझ्या पायांखालची जमीन सरकली. मार्गदर्शिका शेजारी येऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "गाडी बांधावर उभी आहे. जायचे असेल तर पाच मिनिटांत निघू. आधी विचारून घ्या." मग मी एकेक प्रश्न विचारला. त्या शुद्धीवर आहेत का, तुम्हाला ओळखतात का? डोके कोठे आपटले का? (पक्षाघातानंतर रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असते. अशा माणसाच्या डोक्याला मार लागला तर वरून काही दिसत नसले तरी रुग्णालयात नेले पाहिजे.) कंबर किंवा जांघ दुखते का, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो का? बोलणे, चेहरा, हात यांत कालपेक्षा काही बदल आहे का? चारही उत्तरे निश्चिंत करणारी होती. यजमानांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून त्यांना पलंगावर घेतले होते. आमच्या डॉक्टरांनीही येऊन तपासले. मग सासूबाईंनी दूरध्वनी मागून घेतला आणि मला विचारले, "जेवली का?"

मी थांबले. पण ती रात्र मला झोप लागली नाही, हे येथे लपवत नाही. तंबूच्या कापडावर दव साचत होते, दूर कोल्हे ओरडत होते आणि मी स्वतःशी खटला चालवत होते. हाड मोडले असते तर? नातेवाइकांनी काय म्हटले असते, हे मला शब्दशः ऐकू येत होते. पहाटेच्या सुमारास एक गोष्ट आठवली. माझ्या देखत, माझ्याच हातातून, सासूबाई या तीन वर्षांत दोनदा पडल्या होत्या. दोन्ही वेळा मी थकलेली होते. त्या वेळी तू कोठे होतीस, असे कोणी विचारले नव्हते, कारण मी तेथेच होते. मी घरात असणे म्हणजे त्या सुरक्षित असणे, हे समीकरण खरे नव्हते. दमलेला हात घरात असूनही निसटतो.

रविवारी दुपारी घरी पोहोचले. सासूबाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. लेकीने त्यांची वेणी घातली होती, जी मी वेळेअभावी वर्षभर घातली नव्हती. त्यांनी माळावर थंडी किती होती, किती बायका होत्या, भाकरी कोणी केली, सर्व विचारले. नंतर वारीतल्या एका पावसाची गोष्ट सांगितली. ती मी कधी ऐकली नव्हती.

जाणाऱ्यांसाठी

पन्नाशीनंतर असा मुक्काम करणे हे काही नवल राहिलेले नाही. १९८४ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचलेल्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल यांनी २०२२ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, पन्नाशीपुढच्या स्त्रियांना घेऊन अरुणाचलपासून कारगिलपर्यंत हिमालयातून सुमारे पाच महिन्यांची पायी मोहीम केली. तीत नागपूरच्या बिमला नेगी-देऊस्करही होत्या. इंग्लंडमध्ये डार्टमूर नावाचे विस्तीर्ण माळरान आहे. तेथे कोणाची परवानगी न मागता तंबू लावून रात्र काढण्याचा लोकांचा हक्क २०२५ च्या मे महिन्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. आपल्याकडे तसा हक्क नाही. शेताच्या किंवा माळाच्या मालकाची संमती लागते आणि अभयारण्यात वा राखीव वनात वनविभागाच्या परवानगीविना मुक्काम करता येत नाही. विचारूनच जावे.

आयोजक निवडताना संकोच न करता प्रश्न विचारावेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले असून अशा उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. नोंदणी, मार्गदर्शिकेचे प्रशिक्षण, प्रथमोपचाराची तयारी, रात्रभर जागेवर उभी राहणारी गाडी, जवळचे रुग्णालय आणि तेथे पोहोचण्यास लागणारा वेळ, या सहा गोष्टींची स्पष्ट उत्तरे मिळाली नाहीत तर जाऊ नये. २०२३ च्या 'आई' या महिला-केंद्रित पर्यटन धोरणामुळे शासनाच्या पर्यटक निवासांत महिलांसाठी काही सवलतीही आहेत. ज्यांना तंबू नको, त्यांनी त्यांची चौकशी करावी.

आपली तब्येत स्वतः पारखावी. सपाटीवर चार-पाच किलोमीटर छातीत न दुखता, फार धाप न लागता चालता येते का? जमिनीवर बसून कोणाच्या आधाराविना उठता येते का? तंबूत दिवसातून दहा वेळा तसे उठावे लागते. रक्तदाब किंवा साखर आटोक्यात नसेल, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर या वर्षी थांबावे. इतरांनीही आपल्या डॉक्टरांना विचारून, औषधांच्या वेळा लिहून घेऊन निघावे. मधुमेह असलेल्यांनी जेवण लांबवू नये आणि साखर किंवा गूळ खिशात ठेवावा, पिशवीच्या तळाशी नव्हे. इन्सुलिन उन्हापासून जपावे.

पाणी पिणे हा स्त्रियांच्या बाबतीत वेगळा विषय आहे. आडोसा नाही म्हणून आपण पाणीच पीत नाही. मीही पहिल्या दिवशी तेच केले. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, वृद्ध वयात भोवळ येते आणि काहींना भ्रमही होतो. आमच्या मुक्कामात खड्डा खणून त्यावर स्वतंत्र तंबू उभारला होता आणि रात्री जाताना जोडीने जायचा नियम होता. अशी सोय आहे का, हे जाण्यापूर्वी विचारावे आणि मग निःसंकोच पाणी प्यावे.

थंडीची जाणीव वयाबरोबर मंदावते आणि शरीराची ऊब निर्माण करण्याची क्षमताही घटते. उघड्यावर वरच्या पांघरुणाइतकेच खालचे अंथरूण महत्त्वाचे असते, कारण जमीन अंगातली ऊब शोषून घेते. कानटोपी, कोरडे मोजे आणि झोपण्यासाठी वेगळे कोरडे कपडे हवेतच. शेगडी किंवा निखारे तंबूत कधीही नेऊ नयेत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड वायूला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो.

आपल्या भागात साप आणि विंचू यांचा विचार करावाच लागतो. थंडीत त्यांचा वावर कमी असला तरी संपत नाही. तळ शिवलेला, साखळीने पूर्ण बंद होणारा तंबू हवा. रात्री बॅटरीविना आणि अनवाणी एक पाऊलही टाकू नये, सकाळी बूट झटकूनच घालावेत. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिच्या दंशाच्या जागी वेदना जवळजवळ होत नाही. पहाटे पोटात कळ, पापण्या जड होणे, गिळता न येणे अशी लक्षणे दिसली तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. दंश झालेला अवयव हलू देऊ नये, आवळून बांधू नये, चिरा देऊ नयेत, मंत्र-तंत्रात वेळ घालवू नये. १०८ वर दूरध्वनी करून प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. विंचूदंशाचेही तसेच. मूळचे जालना जिल्ह्यातले आणि महाडला रुग्णसेवा करणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या साध्या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू फार कमी झाले. परंतु ते औषध वैद्यकीय देखरेखीखाली आणि वेळेवर मिळायला हवे.

ऋतू निवडताना खान्देशचे ऊन लक्षात ठेवावे. मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. फाल्गुनानंतर माळ तापतो आणि वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा उघड्यावरचा दिवस वृद्धांना सोसत नाही. वळवाच्या दिवसांत विजेचे भय असते. मुक्ताबाई तापीकाठी वीज कडाडताच अंतर्धान पावल्या, अशी आपली श्रद्धा आहे. आपण सामान्य माणसांनी मात्र गडगडाट ऐकू येताच एकट्या झाडापासून आणि उघड्या माळापासून दूर जाऊन पक्क्या घरात किंवा बंद गाडीत बसावे.

घरी राहणाऱ्यांसाठी

ज्येष्ठ वाचकहो, शेवटचे चार शब्द आपल्यासाठी. आपली सून, लेक, पत्नी किंवा मुलगा स्वतःहून सुट्टी मागणार नाही. मागितली तरी आवाजात अपराध असेल. आपण आधी विचारावे. दोन रात्री शक्य नसतील तर एक दुपार द्यावी, एखादी रात्र गच्चीवर शांत झोपू द्यावे. बदली माणसाच्या हातचे जेवण थोडे वेगळे लागेल, उशी थोडी वाकडी ठेवली जाईल. त्याबद्दल तिला परत आल्याबरोबर सांगू नये, दुसऱ्या दिवशी सांगावे.

आणि सांभाळणाऱ्यांनो, मन फार जड झाले, रडू आवरेनासे झाले, झोप पूर्ण उडाली, तर दोन दिवसांचा माळ पुरा पडणार नाही. टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ क्रमांकावर विनामूल्य बोलता येते आणि मराठीत बोलता येते.

नणंदबाई या पौषात पुन्हा येणार आहेत. या वेळी त्यांनी दोन दिवस अधिक काढले आहेत. सासूबाईंची अट एवढीच आहे की परतताना मी त्यांच्यासाठी माळावरची बोरे आणावीत. त्यांना ती चावत नाहीत, म्हणून कुस्करून, बिया काढून द्यावी लागतील.